उसाला गेलेली पुस्तकं

केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका शाळेविषयी तक्रार कानावर आली. वर्षभरात तिथली १४ पुस्तकं गेली, बाई मुलांपुढे कपाट मोकळंच सोडतात, असं सांगणाऱ्याचं म्हणणं होतं. बाकीच्या शाळांच्या माहितीत गहाळ पुस्तकांच्या रकान्यात शून्य होतं, आणि त्या शून्यांबद्दल कुणी काही विचारलं नाही. मला तो १४ चा आकडा सोडेना. पुस्तकं जातात म्हणजे आधी ती मुलांच्या हातात पडत असणार, एवढ्याच विचाराने मी साक्री तालुक्यातल्या त्या गावी गेलो.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी, पट ६१. ग्रंथालय म्हणून वेगळी खोली नाही. वर्गांपुढच्या व्हरांड्यात खांबांना नायलॉनच्या दोऱ्या ताणल्या आहेत आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी त्यांवर पुस्तकं लावली आहेत. सगळ्यांत खालची दोरी पहिलीतल्या मुलाचा हात पोचेल इतकी खाली. कपाटात पुस्तकं उभी लावली की फक्त कणा दिसतो, आणि कण्यावरचं नाव पहिलीच्या मुलाला वाचता येत नाही. दोरीवर मुखपृष्ठ समोर येतं. त्याला वाघ दिसतो, रेल्वे दिसते, आणि तो हात वर करतो. प्रत्येक पुस्तकाच्या कोपऱ्यात रंगीत टिकली आहे. हिरवी म्हणजे पानावर एखादंच वाक्य, लाल म्हणजे चार-पाच, निळी म्हणजे सलग मजकूर. ही खूण मुलांच्या सोयीसाठी आहे. चौथीतला एक मुलगा हिरव्या टिकलीचं पुस्तक घेऊन बसला होता, त्याला कुणी उठवलं नाही.

सकाळी परिपाठानंतर पाचवीतल्या दोन मुली पुस्तकं दोरीवर लावतात, दुपारच्या सुट्टीनंतर अर्धा तास वाचन होतं आणि शाळा सुटताना वहीत नाव लिहून ज्याला हवं ते पुस्तक घरी नेता येतं.

माझं लक्ष मात्र सारखं जात होतं ते स्वयंपाकाच्या शेडकडे. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी खिचडीची भांडी घासून झाली की एका वेगळ्या, काळ्या पडलेल्या डब्यात फाटकी पुस्तकं चिकटवायला खळ शिजवतात. थंड पाण्यात मैदा कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचं. मोरचुदाने कसर लागत नाही. पण ते विष आहे, म्हणून तो डबा जेवणाच्या भांड्यांत कधी मिसळत नाही आणि मुलांना त्याच्याजवळ येऊ दिलं जात नाही. शिजलेल्या मैद्याचा तो गोडसर, किंचित आंबूस वास दोरीवरच्या बहुतेक पुस्तकांना येतो. नंतर दुसऱ्या एका शाळेत कपाट उघडलं तेव्हा डांबरगोळीचा वास आला, आणि मला हा वास आठवला.

पुस्तकांची बांधणी मावशी सासऱ्यांकडून शिकल्या. सासऱ्यांची हरिविजयाची पोथी दर दोन-तीन वर्षांनी नव्याने शिवावी लागे. दाभणाने तीन भोकं, दुहेरी दोरा, कण्यावर मांजरपाटाची पट्टी, आणि मग ते पुस्तक रात्रभर तांदळाच्या गोणीखाली. सकाळी सपाट होऊन निघतं. या कामाचे त्यांना वेगळे पैसे मिळत नाहीत आणि कुठल्याही कागदावर हे काम नोंदलेलं नाही.

मावशी चौथीपर्यंत शिकल्या आहेत. कोणतं पुस्तक मुलं वाचतात हे कळायला त्यांना वही बघावी लागत नाही. तेलकट डाग म्हणजे जेवताना वाचलं. फुगलेली पानं म्हणजे विहिरीवर किंवा नळावर नेलं. पाठचा पुठ्ठा वाकलेला म्हणजे उशाखाली होतं. त्यांनी एक पुस्तक माझ्यापुढे उघडून धरलं. कणा शाबूत, मधलं एकच पान तीनदा चिकटवलेलं. “हाई पान रोज फाटस,” त्या म्हणाल्या, “पोरे आठेच थांबतस.” त्या पानावर एक आजी तोंड उघडं टाकून झोपली आहे आणि तिच्या नाकाशी माशी घोंघावते आहे. एकाला पान उलटायचं असतं, शेजारच्याला अजून बघायचं असतं, आणि दोघांच्या ओढाताणीत ते फाटतं. दोरीच्या टोकाला एक पुस्तक कोरं करकरीत होतं. थोर पुरुषाच्या बालपणावरचं, बारीक टाइपाचं, चित्रं नसलेलं. ते मावशींकडे कधीच आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात तिथे दुसरं लावू, असं बाई म्हणाल्या.

मुलांचं वाचन इतक्या बारकाईने मोजणारं दुसरं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

आता तक्रारीची दुसरी बाजूही सांगायला हवी. शाळेत आलेल्या पुस्तकांची नोंद साठा नोंदवहीत होते, शिक्षक तिला डेडस्टॉक म्हणतात. खुर्ची, फळा, घंटा आणि गोष्टीचं पुस्तक एकाच पद्धतीने मोजलं जातं. बदली झाली की चार्ज देताना वस्तू मोजून द्यायच्या, कमी भरलं तर खुलासा करायचा. फाटकं पुस्तक कमी करायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवायचा. एवढा व्याप मागे लागणार असेल तर शिक्षक कपाटाला कुलूप घालणारच, त्याला एकट्याला मी दोष देणार नाही. इथल्या मुख्याध्यापक सरांची निवृत्ती जवळ आली आहे आणि १४ म्हणताना त्यांचा आवाज खाली येतो. तरीही त्यांनी बाईंकडून किल्ली परत मागितलेली नाही. हे धैर्य आहे आणि ते कुठल्या अहवालात दिसत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, तिथे वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं लिहिलेलं आहे. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांच्या ग्रंथालयांसाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे, प्राथमिक शाळेच्या वाट्याला त्यातले ५,००० येतात. पुस्तक शाळेच्या दारापर्यंत येण्याची सोय यात झाली. कपाटातून मुलाच्या दप्तरात जाण्याची नाही.

ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे आद्य आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हे त्यांतलं पहिलं. ते समजावताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत साखळीने बांधून ठेवलेल्या पुस्तकांची हकीकत सांगितली आहे. आपल्या शाळांतली कुलपं बघताना ती साखळी आठवते. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी टेबलावर मांडलेली पुस्तकं मी काही शाळांत पाहिली आहेत. फोटो झाला की ती परत कपाटात जातात. मुलांना पुस्तक दाखवून काढून घेणं मला मुळीच न दाखवण्यापेक्षा वाईट वाटतं.

वाचनाच्या अर्ध्या तासात बाई आधी स्वतः वाचून दाखवतात. पुस्तक छातीशी, पानं मुलांकडे, त्यामुळे बाईंना मान तिरकी करून वाचावं लागतं. छापलेलं वाक्य त्या आहे तसंच वाचतात. मग पान उलटण्याआधी थांबून विचारतात, “मंग काय व्हयनं?” उत्तरं अहिराणीत येतात आणि बाई ती तशीच घेतात, सुधारत नाहीत. घरात अहिराणी आणि पुस्तकात प्रमाण मराठी असलेल्या मुलाला ही जागा फार मोलाची आहे. गोष्ट संपली की तात्पर्य विचारतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी विचारलं नाही. “तात्पर्य विचारलं ना, की पुढच्या वेळी मुलं गोष्ट ऐकत नाहीत, उत्तर शोधत बसतात,” त्या नंतर म्हणाल्या. मग सगळे पांगले. पहिलीतल्या मुलांना चौथीतल्यांनी मांडीशी घेतलं. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’साठी रांग होती. बालभारती १९७१ पासून काढत असलेल्या ‘किशोर’चे जुने अंक दोन मुलगे पालथे पडून चाळत होते, त्यांना फक्त कोडी हवी होती.

‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ५०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला होता, २०२२ मध्ये ते प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आलं. बाईंना हे आकडे पाठ आहेत. सराव पुस्तिका त्या वापरतात, उतारेही वाचून घेतात. पण उतारा नेमून दिलेला असतो, आणि नुसतं नेमून दिलेलं वाचून पोर वाचक होत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. त्याने पुस्तक स्वतः निवडावं, आवडलं नाही तर अर्ध्यात टाकावं, दुसरं घ्यावं. त्या दुपारी एका मुलीने चार पुस्तकं अर्ध्यात टाकली आणि पाचव्यात अडकली, ती घंटा झाल्यावरही उठेना. मला बाईंचं म्हणणं पटलं.

१४ चा हिशेब मी मागितला. बाईंनी तो तोंडपाठ सांगितला. तीन उंदरांनी कुरतडली, एक शेळीने खाल्लं, दोन मामाच्या गावी राहिली, तीन पुस्तकांचा पत्ता नाही. आणि पाच उसाला गेली.

दिवाळीच्या सुमारास गावातली काही कुटुंबं ऊसतोडीला निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी गुजरातेत. लहान मुलंही बरोबर जातात. हंगाम संपेपर्यंत मुक्काम फडाजवळच्या कोपीत. पहिली दोन पुस्तकं अशीच बोचक्यातून न सांगता गेली. पुढची तीन बाईंनी स्वतः दिली, ट्रक निघायच्या आदल्या संध्याकाळी घरी जाऊन. वहीत परतीच्या तारखेच्या रकान्यात त्यांनी लिहिलं आहे: ‘उसाला’. बाकी सगळ्या रकान्यांत तारखा आहेत. मी ते पान बराच वेळ बघत राहिलो.

पाचांतली तीन परत आली. एक आणणारी मुलगी तिसरीत आहे. तिच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ राहिलं नव्हतं, त्याजागी खताच्या पिशवीचा तुकडा सुतळीने शिवलेला होता. कोपीवर शेजारच्या बिऱ्हाडातली मुलंही ते ऐकायला यायची, असं तिने सांगितलं. तिला ते आता न बघता म्हणता येतं, तरी तिने माझ्यापुढे प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचलं. मावशींनी तो खताच्या पिशवीचा तुकडा काढला नाही, त्यावरूनच मांजरपाटाची पट्टी लावली. तीन पुस्तकं आली तेव्हा आकडा ११ व्हायला हवा होता. पण मार्चअखेरची माहिती आधीच वर गेली होती, म्हणून परिषदेत १४ च वाचला गेला.

पाचवीनंतर इथली मुलं जवळच्या माध्यमिक शाळेत जातात. तिथे पुस्तकं भरपूर आहेत आणि ती शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्यांतली काही मुलं सायकली काढून इकडे येतात. मी होतो त्या शनिवारी सहावीतला एक मुलगा आला आणि दोरीकडे न बघताच म्हणाला, “बाई, सापनं पुस्तक शे का?” सापांची होती तेवढी त्याने वाचून संपवली होती. बाईंनी त्याच्या हातात भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ ठेवला. त्याने जाडी बघितली, चित्रं किती आहेत ते बघितलं, आणि यात साप येतो का असं विचारलं. “आठवत नाही मला,” बाई म्हणाल्या, “तूच वाचून सांग.” तो पायरीवर बसून वाचू लागला.

हा मुलगा आता शाळेच्या पटावर नाही, त्यामुळे त्याची नोंद नेहमीच्या वहीत करता येत नाही. बाईंनी अशा मुलांसाठी शंभर पानी वही वेगळी घातली आहे आणि तिच्यात अकरा नावं आहेत. निघताना त्यांनी माझ्याजवळ एक चिठ्ठी दिली, कुणी पुस्तकं द्यायला तयार असेल तर सांगा म्हणून. सहावी-सातवीला पुरतील अशी जाड पुस्तकं हवीत, दोन तरी सापांवरची असावीत, आणि शक्यतो शिवलेल्या बांधणीची घ्यावीत, नुसत्या गोंदाने चिकटवलेल्यांची पानं लगेच सुटतात आणि मावशींचं काम वाढतं.