कुंचला आणि खतावणी

गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. गणिताच्या वहीच्या कडेला चित्रें काढल्याबद्दल शाळेंत त्याचे कान मीं एकदोन वेळां पिळले होते. आतां तो तिशीच्या घरांत आहे. पिशवींतून त्यानें एक बाड काढून पुढें ठेवलें. स्वतः रचलेली व स्वतःच रेखाटलेली बत्तीस पानांची ती चित्रकथा होती. आपल्या घरांतील मुलें जिला 'कॉमिक' म्हणतात, ती. बाडासोबत एक करारपत्रही होतें. एका प्रकाशकानें एकदांच ठराविक रक्कम देऊन कथेचे व तींतील पात्रांचे सर्व हक्क कायमचे मागितले होते. "सर, सही करूं, कीं स्वतःच छापूं?" असें त्यानें विचारलें. मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. मग त्याच्यासाठीं जें वाचलें व जो विचार केला, तोच आज आपल्यापुढें मांडतों. कारण अशी वही उशीखालीं दडवून ठेवणारा मुलगा किंवा मुलगी आज पुष्कळ घरांत असेल.

पुस्तकरूप चित्रकथेचा आद्य कर्ता म्हणून ज्याचें नांव बहुधा घेतलें जातें, तो एक शाळामास्तर होता, हें कळल्यावर मला मोठी मौज वाटली. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरीं १७९९ सालीं जन्मलेला हा रोडोल्फ टॉप्फर. त्याचा बाप चित्रकार. पण डोळ्यांच्या विकारामुळें मुलाला तो मार्ग सोडावा लागला. त्यानें शाळा काढली व विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठीं चित्रांच्या ओळी आणि त्यांखालीं मजकूर अशा विनोदी गोष्टी रचल्या. त्यांचीं बाडें हातोहात फिरत जर्मन महाकवि गटे याच्यापर्यंत पोंचलीं आणि वृद्धपणीं त्यानें त्यांची प्रशंसा केली. १८३३ सालीं टॉप्फरनें 'मोस्यू जाबो' ही कथा छापविली. परंतु तोंपर्यंत तो प्राध्यापक झाला होता, आणि असली पोरकट चित्रें आपल्या पदास शोभतील कीं नाहीं, या शंकेनें १८३५ पर्यंत त्यानें ती विक्रीस काढली नाहीं.

त्याची छपाईची रीत ध्यानांत घेण्यासारखी आहे. शिळाछापांत दगडावर चित्र उलटें काढावें लागे. टॉप्फर विशिष्ट कागदावर चिकट शाईनें सरळच रेखाटी, आणि तो कागद दगडावर दाबून चित्र तेथें उतरवून घेई. त्यामुळें चित्र व खालचें हस्ताक्षर दोन्ही त्याच्याच हातचीं राहत; मध्यें खोदकाम करणारा कारागीर नको आणि त्याचा खर्चही नको. एकट्या माणसाला पुस्तक काढतां आलें तें या सोयीमुळें. पण सोयीनें संरक्षण होत नसतें. १८३९ मध्यें पॅरिसच्या एका प्रकाशकानें त्याच्या कथा त्याला न विचारतां पुन्हां रेखाटून छापल्या. पुढें त्याच नकलेवरून इंग्रजी आवृत्ति निघाली आणि १८४२ सालीं ती अमेरिकेंतही पोंचली. कलावंताच्या हातीं कांहीं आलें नाहीं.

चोरीनें जें गेलें त्याबद्दल निदान रागावतां तरी येतें. स्वतःच्या सहीनें जें जातें, त्याचें दुःख वेगळें. १९३८ सालीं अमेरिकेंतील जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनीं 'सुपरमॅन' या पात्राची पहिली तेरा पानांची कथा दिली, तेव्हां पानास दहा याप्रमाणें त्यांना १३० डॉलर मिळाले आणि त्याबरोबर पात्राचा हक्कही गेला. त्या पात्रावर पुढें किती संपत्ति उभी राहिली तें जग जाणतें. या दोघांना मात्र कोर्टकज्जे करावे लागले. शेवटीं १९७५ सालीं प्रत्येकीं वार्षिक वीस हजार डॉलरांची नेमणूक मिळाली, ती वृद्धपणाच्या उंबरठ्यावर.

मग सर्वांनीं स्वतःच कां छापलें नाहीं? कारण विक्रीची रीत आड येत होती. अमेरिकेंत हीं पुस्तकें वर्तमानपत्रांच्या दुकानांतून खपत, आणि न खपलेल्या प्रतींची रक्कम विक्रेत्यास परत मिळे. म्हणून खपणाऱ्या प्रतींहून कितीतरी अधिक प्रती आधीं छापाव्या लागत. एकट्या चित्रकाराचा तेथें निभाव कसा लागावा? १९७३ च्या सुमारास ही रीत बदलण्यास प्रारंभ झाला, आणि तोही फिल सूलिंग या ब्रुकलिनच्या इंग्रजी शिकविणाऱ्या मास्तरानें केला. केवळ चित्रकथाच विकणाऱ्या दुकानांना अधिक सूट द्यावयाची, पण उरलेल्या प्रती परत घ्यावयाच्या नाहींत, अशी त्याची योजना. दुकानदार मागणी आधीं नोंदवूं लागला आणि किती छापावें हें छापण्यापूर्वींच कळूं लागलें. पांच हजार प्रती काढणाऱ्यालाही मग बाजारांत उभें राहतां आलें.

या वाटेनें पुष्कळजण आले. कॅनडांतील डेव्ह सिम यानें 'सेरेबस' ही मालिका १९७७ च्या डिसेंबरांत सुरू केली आणि ठरविल्याप्रमाणें ३०० अंक पुरे करून २००४ सालीं थांबविली. पुढें पार्श्वभूमी रेखाटण्यास त्यानें एक सहकारी घेतला. अमेरिकेच्या ओहायो प्रांतांतील जेफ स्मिथ यानें १९९१ सालीं 'बोन' स्वतः छापण्यास आरंभ केला. छपाई काळ्यापांढऱ्या रंगांत, कारण रंगीत छपाईचा खर्च पेलणारा नव्हता. चित्रें, पत्रव्यवहार, हिशेब असें सारें एकट्यास झेपेना, तेव्हां त्याची पत्नी विजया अय्यर यांनीं स्वतःची नोकरी सोडून व्यवहार हातीं घेतला. ५५ अंकांनीं २००४ सालीं कथा संपली. हक्क त्याचेच राहिले होते, म्हणून २००५ पासून मोठ्या प्रकाशकाकडून रंगीत आवृत्ति निघूं लागली ती त्याच्या संमतीनें.

आतां आपल्या घरचा हिशेब पाहूं. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर बत्तीस पानांचे दोन फर्मे होतात. म्हणूनच पानें तेहेतीस करून चालत नाहीं. समजा, ५०० प्रती छापल्या, प्रतीस ३० रुपये खर्च आला आणि किंमत १०० ठेवली. छपाईचे १५,००० झाले. वितरक व दुकानदार मिळून निम्मी रक्कम घेतात असें धरलें, तर ३०० प्रती खपल्यावर केवळ छपाईचा खर्च निघतो. उरलेल्या २०० खपल्या तर १०,००० हातीं येतील. माझ्या विद्यार्थ्याला तीं पानें काढण्यास चार महिने लागले होते. म्हणजे महिन्याला अडीच हजार, आणि टपालहंशील व फाटक्या प्रती अजून धरल्याच नाहींत. जत्रेंत वा पुस्तकप्रदर्शनांत स्वतः उभें राहून विकल्यास पुरे शंभर मिळतात, पण जागेचें भाडें द्यावें लागतें आणि ते दिवस रेखाटनाचे जातात.

म्हणून आगाऊ मागणी मिळविणें हाच सुरक्षित उपाय. २००९ सालीं सुरू झालेल्या 'किकस्टार्टर'सारख्या इंटरनेटवरील व्यवस्थेंत वाचक आधीं पैसे कबूल करतात, आणि ठरलेली रक्कम जमली नाहीं तर कोणाचेंच कांहीं जात नाहीं. आपल्याला हें नवें वाटावयास नको. गेल्या शतकापूर्वींचे मराठी ग्रंथकार वर्गणीदार आधीं मिळवीत आणि आश्रयदात्यांचीं नांवें ग्रंथांत छापीत, तें याच जातीचें.

राहिला करार. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें हक्कांचें हस्तांतर लेखीच असावें लागतें. त्यांत मुदत लिहिली नसेल तर पांच वर्षें धरली जातात. पण 'कायमचे' असा शब्द लिहून खालीं सही केली, तर ही पांच वर्षांची सवलत उपयोगी पडत नाहीं. उलट हक्क स्वतःकडे राहिला, तर तो कर्त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षें त्याच्या वारसांकडे चालतो.

हें सर्व मीं त्या मुलाला सांगितलें. प्रकाशक म्हणजे शत्रु नव्हे. छपाई, वितरण, वसुली यांचा भार तो उचलतो आणि त्याबद्दल त्याला मोबदला मिळाला पाहिजे. मात्र तो मोबदला या एका पुस्तकापुरता व मुदतीपुरता असावा. पात्र त्याला देऊन टाकूं नये. जो हें मान्य करील त्याच्याकडे जावें. कोणीच न केल्यास २०० प्रती स्वतः छापाव्या, नोकरी सोडूं नये, आणि दुसरा अंक कबूल केलेल्या तारखेस काढावा. त्यानें करारांतील 'कायमचे' खोडून 'पांच वर्षें' असें लिहून पाठविलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तोंवर दर रविवारीं तो माझ्याकडे येतो आणि आम्ही जमाखर्चाची वही घेऊन बसतों. तिच्याही कडेला तो चित्रें काढतो. आतां मीं कान पिळण्याचें सोडलें आहे.