उतारवयातील स्नायूंचे बळ

खुर्चीच्या हातांवर जोर न देता उठता येते, हे तरुणपणी कोणाच्या ध्यानातही येत नाही. साठीनंतर मात्र प्रकृती ठणठणीत असलेली माणसेही उठताना हात टेकू लागतात आणि ‘वय झाले’ असे म्हणून तो विषय संपवतात. खरे पाहता हा विषय तेथे संपत नाही.

वयाबरोबर स्नायू झिजतात आणि त्यांच्या आकारमानापेक्षा त्यांची ताकद अधिक वेगाने घटते. या झिजेला अमेरिकन संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. झटकन आकुंचन पावणारे तंतू विशेषत्वाने बारीक होतात. त्यामुळे ठेच लागताच तोल सावरणे अवघड जाते.

वृद्धांचे स्नायू पुन्हा वाढू शकत नाहीत, असा समज पूर्वी रूढ होता. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने त्याला धक्का दिला. ६० ते ७२ वर्षे वयाच्या १२ निरोगी पुरुषांनी १२ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, आपल्या कमाल क्षमतेच्या ८० टक्के वजन पायांनी उचलले. अखेरीस गुडघा सरळ करताना उचलता येणारे वजन दुपटीहून अधिक झाले, तर मांडीच्या स्नायूंचे क्षेत्रफळ सुमारे ११ टक्क्यांनी वाढले.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. याच पुरुषांची ताकद वेगळ्या यंत्रावर मोजली तेव्हा वाढ केवळ १० ते १८ टक्क्यांच्या आसपास भरली. म्हणजे ज्या हालचालीचा सराव केला, तीच प्रामुख्याने सुधारते. खुर्चीतून सहज उठायचे असेल, तर उठण्याचाच सराव हवा. रोजचा फेरफटका हृदयाला हितकारक खरा, परंतु त्याने मांड्यांवर पुरेसा भार पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूबळाचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचविले आहेत.

भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीवर घ्यावेत आणि सावकाश आठ-दहा वेळा उठावे व बसावे. बसताना अंग धपकन टाकू नये. थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा तसेच करावे. सराव सोपा वाटू लागला, की फेऱ्या वाढवाव्यात. उठताना श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार वा गुडघ्यांचे दुखणे असणाऱ्यांनी प्रथम आपल्या डॉक्टरांना विचारावे.