श्रीलंकेत गाडी स्वतः चालवायची तर

मांजरसुंब्याचा घाट नेहमी उतरणाऱ्या आपल्या चालकबंधूंना श्रीलंकेतला रस्ता परका वाटणार नाही. तिथेही वाहने डावीकडूनच चालतात, स्टेअरिंग उजवीकडेच असते. कोलंबोहून कँडीला जाणारा रस्ता कडुगन्नावाचा घाट चढतो. याच कँडीत मे १९५० मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते.

पण हात सराईत असला तरी कागद अपुरे नकोत. निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना काढा. तो फार तर एक वर्ष चालतो. श्रीलंकेत त्यावर स्थानिक मान्यताही घ्यावी लागते. ती नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना सहीची घाई करू नका. आधीचे ओरखडे, टायर, स्टेपनी पाहा. फोटो काढून ठेवा. अनामत किती, नुकसान झाल्यास आपल्या माथी किती, हे लेखी घ्या. दुसऱ्याने पाडलेल्या ओरखड्यापायी आपल्या घामाचा पैसा का जावा?

आयुष्यभर दुसऱ्यांची कुटुंबे फिरवली. एकदा आपली मुलेबाळे मागे बसवून कँडीचा घाट चढा, सावकाश.