सार्वजनिक शाळांतील बायबलचा साहित्य म्हणून अभ्यास (अमेरिका)

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांमध्ये बायबल हा ग्रंथ श्रद्धेचा विषय म्हणून न शिकवता कथा, काव्य व इतिहास या अंगांनी शिकवला जातो. या अध्यापनास ‘बायबलचा साहित्य म्हणून अभ्यास’ असे म्हणतात. येथे सार्वजनिक शाळा म्हणजे करांच्या पैशातून चालणारी मोफत शाळा होय. ब्रिटनमधील ‘पब्लिक स्कूल’ नावाच्या महागड्या खासगी शाळांशी तिचा संबंध नाही. राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनुसार या शाळांत धर्मोपदेश निषिद्ध आहे. धर्मग्रंथाचे अध्ययन मात्र निषिद्ध नाही.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांत प्रोटेस्टंटांमध्ये रूढ असलेले किंग जेम्स भाषांतर (१६११) वाचले जाई व कॅथलिक पालकांचा त्याला विरोध असे. १८४४ साली फिलाडेल्फियात आयरिश स्थलांतरितांविरुद्धच्या रोषात या वादाची भर पडून दंगली उसळल्या. त्यांत माणसे मारली गेली आणि कॅथलिक चर्च जाळली गेली.

अबिंग्टन खटला

पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार शाळेच्या प्रत्येक दिवसाच्या आरंभी बायबलमधील किमान दहा वचने, कोणतेही भाष्य न करता, वाचणे बंधनकारक होते. एलरी शेंप या विद्यार्थ्याने १९५६ साली या वाचनाच्या वेळी कुराण उघडून निषेध नोंदवला. त्याच्या कुटुंबाने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ जून १९६३ रोजी ८ विरुद्ध १ अशा बहुमताने असे वाचन घटनाबाह्य ठरवले. मात्र बायबलचे वाङ्मयीन व ऐतिहासिक गुण अभ्यासयोग्य असून धर्मनिरपेक्ष शिक्षणाचा भाग म्हणून त्याचे वस्तुनिष्ठ अध्ययन करता येते, असे न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी निकालपत्रात स्पष्ट केले. भाष्याविना वाचन हा विधी ठरतो, तर अभ्यासाचा आरंभच भाष्यापासून होतो, हे येथे लक्षणीय आहे.

संहितेची निवड

कोणते बायबल वापरावे, हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. मेलव्हिल किंवा फॉकनर यांच्या कादंबऱ्यांतील संदर्भ उलगडण्यास किंग जेम्स भाषांतर सोयीचे असले, तरी ते एका पंथाच्या परंपरेतील आहे. कॅथलिक बायबलमध्ये प्रोटेस्टंट बायबलपेक्षा सात ग्रंथ अधिक आहेत. ‘जुना करार’ हे नावही ख्रिस्ती दृष्टीतून आलेले आहे; ज्यू लोक त्या ग्रंथसमूहास ‘तनाख’ म्हणतात. प्रोटेस्टंट क्रमात जुना करार मलाखी या संदेष्ट्याच्या ग्रंथाने संपतो, तर तनाख इतिहासाच्या ग्रंथाने, म्हणजे यरुशलेमला परतण्याच्या अनुज्ञेने संपते. ग्रंथ बहुतांशी तेच असूनही कथेचा शेवट बदलतो. त्यामुळे ‘केवळ साहित्य’ म्हणून केलेली निवडही पूर्णतः तटस्थ राहत नाही.

अंमलबजावणी

फ्लोरिडातील ली काउंटीत बायबल ‘इतिहास’ म्हणून शिकवण्याची योजना होती. १९९८ साली संघीय न्यायालयाने त्यातील नव्या कराराचा अभ्यासक्रम रोखला. येशूचे पुनरुत्थान ही लौकिक इतिहासातील घटना म्हणून शिकवता येणार नाही, ही अडचण त्यामागे होती. जॉर्जियाने २००६ मध्ये व टेक्सासने २००७ मध्ये ऐच्छिक अभ्यासक्रमांसाठी कायदे केले. जॉर्जियाच्या कायद्यानुसार शिक्षकाची नेमणूक त्याच्या श्रद्धेवरून करता येत नाही आणि विद्यार्थ्यावर विशिष्ट भाषांतराची सक्ती करता येत नाही.