ऐनवेळचे विषय

ग्रामसभेची नोटीस ज्यांनी कधी वाचली असेल, त्यांना तिची शेवटची ओळ पाठ असेल : 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. मागील सभेचे इतिवृत्त, जमाखर्च, योजनांचे वाचन आटोपेपर्यंत निम्मी माणसे उठून गेलेली असतात. मग ज्याचे घरकुल अडले आहे, ज्याच्या वस्तीत नळाला पाणी नाही, तो तोंड उघडतो. तोवर दप्तर बांधून झालेले असते.

ही गोष्ट आमच्या परिषदांनाही लागू आहे, हे आम्ही कबूल केले पाहिजे. सेलू तालुक्यात आम्ही वर्षानुवर्षे मेळावे, शिबिरे भरवीत आलो. उद्घाटक, स्वागताध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी. पत्रिकेवर नावांचीच इतकी गर्दी की विषयाला जागा उरत नाही. एका मेळाव्याला प्रमुख अतिथी तीन तास उशिरा आले. सोयाबीनच्या सवंगणीचे दिवस होते आणि मंडपातल्या बाया त्या दिवसाची मजुरी बुडवून आल्या होत्या. भाषणे संपता संपता त्यांच्यातली एक म्हातारी उठून म्हणाली, "भाऊ, आमची बारी केव्हा येते?" सूत्रसंचालकाने आभारप्रदर्शन पुकारले. तो सूत्रसंचालक आमच्यातलाच होता.

अमेरिकेतील हॅरिसन ओवेन यांनाही असाच अनुभव आला. 1983 साली त्यांनी मोठ्या खटपटीने एक परिषद भरविली. लोक म्हणाले, खरे कामाचे बोलणे चहाच्या सुट्टीत झाले. तेव्हा 1985 साली त्यांनी पत्रिकेशिवाय परिषद घेतली. रीत साधी आहे. सगळे गोल बसतात. ज्याला विषय मांडायचा आहे तो मध्ये येतो, कागदावर विषय व आपले नाव लिहितो, मोठ्याने वाचतो आणि भिंतीवर आखलेल्या वेळ-जागेच्या चौकटीत चिकटवतो. तास-दीड तासात दिवसाची पत्रिका तयार होते, तीही आलेल्यांच्या हातची. मग ज्याला जिथे रस, तो त्या गटात जातो. जिथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून खुशाल उठावे. त्यात कोणाचा अपमान नाही. (आमच्या पुढाऱ्यांना हा नियम पचणे कठीण!) पुढे 2005 पासून संगणक क्षेत्रातल्या तरुणांनी 'बारकॅम्प' या नावाने असेच मेळावे सुरू केले.

पण हे परदेशी नवल म्हणून डोळे विस्फारण्याचे कारण नाही. आपल्या चळवळीच्या जुन्या परिषदांत विषय नियामक समिती असे. आदल्या रात्री प्रतिनिधी बसत, वाद घालत आणि उद्याच्या खुल्या अधिवेशनात काय मांडायचे ते ठरवत. महाडला 19 मार्च 1927 च्या रात्री अशीच बैठक झाली. बोले ठराव 1923 चा, महाड नगरपालिकेचा ठराव 1924 चा. म्हणजे चवदार तळे कागदावर खुले होते, पण पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी ठराव संपले आणि आभार मानण्याची वेळ आली, तेव्हा अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची गोष्ट काढली. मंडपच्या मंडप उठला आणि बाबासाहेबांमागे तळ्याकडे निघाला. आमच्या मेळाव्यात आभारप्रदर्शनाने म्हातारीचे तोंड बंद केले. महाडात त्याच वेळी इतिहास घडला!

त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाडला लोक जमले, तेव्हा दिवाणी न्यायालयाची मनाई आडवी आली होती. सत्याग्रह करावा की थांबावे? बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंच्या लोकांना बोलू दिले. सत्याग्रहाला तयार असलेल्यांची नावे लिहून घेतली, ती 3884 भरली. त्यानंतर बाबासाहेबांनी आपले मत सांगितले आणि सत्याग्रह तहकूब झाला. व्यासपीठ मोकळे होते, पण नोंदवही होती आणि निर्णयही होता.

हे मुद्दाम सांगतो, कारण पत्रिका नाही म्हणजे नियमच नाहीत असे काहींना वाटते. अमेरिकेतील स्त्री-चळवळीच्या जो फ्रीमन यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभीच बजावले होते की, जिथे उघड रचना नसते तिथे एक छुपी रचना तयार होते आणि ओळखीपाळखीचे चार लोक कारभार हाकतात. आमच्या वस्त्यांत तर हे चार लोक कोण असतील ते आधीच सांगता येते.

सेलूत एका रविवारी विहारात आम्ही असा प्रयोग करून पाहिला. मंच नाही, हार नाहीत, चाळीसेक माणसे सतरंजीवर गोल बसली. पहिला तास फुकट गेला, कारण आम्हीच बोलत राहिलो. बाया कागद घेईनात, लिहिता येत नव्हते. मग कॉलेजातली एक मुलगी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि त्या सांगतील ते लिहू लागली. भिंत भरली. स्मशानभूमीचा रस्ता. अडकलेली शिष्यवृत्ती. रानडुकरांनी खाल्लेले पीक. एकाच वावरात बाईला एक मजुरी आणि गड्याला दुसरी का. आणि एका कोपऱ्यात बिननावाचा कागद : 'विहाराच्या वर्गणीचा हिशेब'.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. नियमाप्रमाणे कागदावर नाव पाहिजे. एकाने तो काढावा असेही सुचविले. कागद राहू दिला. दुपारी सर्वांत जास्त माणसे त्याच कोपऱ्यात होती, आणि मेळाव्यात जिची बारी आली नव्हती ती म्हातारी अगदी पुढे बसली होती. पुढच्या पौर्णिमेला हिशेबाची वही विहारात वाचून दाखवायची असे ठरले, लिहून घेतले गेले, खाली सह्या आणि अंगठे झाले.

वही शोधायला आम्हाला चार दिवस लागले.