साबळ्यांचा डफ कोणाच्या हाती?

दोस्तांनो, शिमग्यात नमनातला संकासूर पाहिलाय ना? अंगात काळा झगा, तोंडावर मुखवटा, डोक्यावर उंच टोपी. आतला माणूस नखभरही दिसत नाही. तरी आमच्या भाट्यात पहिल्या रांगेतलं शेंबडं पोरसुद्धा ओरडतं, "अरे, हा तर आपला काका!" कशावरून ओळखलं? चालीवरून!

आता कोडं उलटं करू. एक माणूस खराखुरा होऊन गेलाय, साऱ्या महाराष्ट्रानं त्याला पाहिलंय. त्याच्यावर सिनेमा काढायचाय. त्याचं काम द्यायचं कोणाला? चेहरा जुळतो त्याला, की चाल जुळते त्याला?

केदार शिंदे यांच्यापुढे हेच कोडं होतं, आणि तेही घरचं! शाहीर साबळे हे त्यांचे आजोबा, आईचे वडील. कृष्णराव साबळ्यांचा जन्म वाई तालुक्यातल्या पसरणीचा, ३ सप्टेंबर १९२३ चा. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत राजा बढे यांचं, चाल श्रीनिवास खळे यांची. पण ते आठवलं की कानात घुमतो तो साबळ्यांचाच आवाज. २०२३ मध्ये ते आपलं राज्यगीत झालं. त्याच वर्षी २८ एप्रिलला 'महाराष्ट्र शाहीर' पडद्यावर आला.

शाहीर झाले अंकुश चौधरी. आता गंमत ऐका. साबळ्यांच्या 'महाराष्ट्राची लोकधारा' या कार्यक्रमात वासुदेव, गोंधळी, कोळी असे सगळे रंगमंचावर यायचे. त्या ताफ्यात नाचणाऱ्या पोरांत स्वतः केदार होते, भरत जाधव होते आणि हे अंकुशही होते! म्हणजे ज्यांची भूमिका करायची, त्यांना विंगेतून कितीदा पाहिलेलं. शाहीर पाय कसा रोवतात, मान कशी झटकतात, हे कोणी वेगळं शिकवायला नको. शाहिरांच्या पत्नी भानुमती झाली केदार यांची मुलगी सना. स्वतःच्या पणजीचं काम! लहानग्या किसनाचं एक गाणं तर एका शाळकरी मुलानं गायलंय. वर्गात गातानाची त्याची चित्रफीत आधीच घरोघर पोचली होती.

पण प्रत्येक वेळी असा घरचा माणूस कुठून मिळणार? 'बालगंधर्व' (२०११) मध्ये पडद्यावर दिसले सुबोध भावे आणि गायले आनंद भाटे. एकाचा चेहरा, दुसऱ्याचा गळा. 'मी वसंतराव' (२०२२) मध्ये मात्र राहुल देशपांडे यांनी आजोबांचं काम केलं आणि गायलेही स्वतःच. वसंतराव गेले तेव्हा राहुल चार वर्षांचेही नव्हते. पाहून शिकायची सोय नाही; आजोबा शोधायचे ते गाण्यातूनच. मला विचाराल तर हे सगळ्यांत अवघड.

आणि हे मी उगाच सांगत नाही. आमच्या स्नेहसंमेलनात साबळ्यांवर नाटुकलं बसवलं, तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे? उंच, गोरा, नाकेला मुलगा निवडला. फेटा बांधला, मिशी काढली. अगदी फोटोतले शाहीर! तालमीत मागून आवाज आला, "बाई, तो डफ नाय वाजवत, भाकरी थापतो!" सगळे हसले. त्याचा चेहरा एवढासा झाला. चूक माझी होती. वाजवता येतं का, हे त्याला मी आधी विचारलंच नव्हतं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला सूत्रधार केलं. आवाज खणखणीत होता त्याचा.

डफ गेला झीलकऱ्यांतल्या एका बुटक्या पोराकडे. घरी चुलत्यांची जाखडी, त्यामुळे ताल अंगातच. फेटा कानांवर उतरत होता, मिशी घामानं पुसली गेली होती. पण पहिली थाप पडली आणि मागच्या बाकावर गप्पा मारत बसलेल्या आजोबांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.