नोझलच्या छिद्रातलं विज्ञान

पावसाने उघाड दिली की बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडच्या शेतांत पाठीवरचे पंप दिसू लागतात. कोणतं औषध घ्यायचं यावर कृषी केंद्रात बराच खल होतो; गनच्या टोकाचं नोझल मात्र जुनंच राहतं. औषध पानावर बसणार की वाऱ्यावर जाणार, याचा बराचसा निकाल तिथेच लागतो.

कीटकनाशकासाठीच्या पोकळ शंकू नोझलमध्ये चकतीमागे छोटी पोकळी असते. दाबाखालचं पाणी तिच्यात गरगरतं आणि छिद्रातून निघताना छत्रीसारखं पातळ पसरतं. हा पडदा ताणून फाटतो, त्याचे धागे होतात आणि पृष्ठताणामुळे धाग्यांचे थेंब. थेंबाचा व्यास निम्मा केला, की तेवढ्याच पाण्यात आठपट थेंब मिळतात. मावा, तुडतुडे पानाखाली दडतात. तिथे बारीक थेंबच कामाचे. मोठे थेंब पानावरून ओघळून मातीत जातात.

पण फार बारीक थेंबही घातक. ०.१ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण २५ सेंटिमीटर खाली येतो. दीड मीटर उतरायला त्याला सहा सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ९ किलोमीटरचा वारा त्याला १५ मीटर दूर नेतो. त्याहून बारीक थेंब तरंगत राहतात आणि फवारणाऱ्याच्या श्वासात जातात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जहाल औषधांची मिश्रणं, अंगावर संरक्षक कपडे नसणं ही कारणं होतीच. शिवाय पराटी, म्हणजे कपाशी, डोक्याएवढी वाढली होती. गन वर धरली की फवारा अंगावरच येई. ही माणसं वाचायला हवी होती.

संग्रामपूर, जळगाव जामोदच्या संत्राबागांत जास्त दाबाच्या एचटीपी पंपाची गन असते. तिची मूठ फिरवून धार लांब किंवा फवारा रुंद करता येतो. शेंड्यासाठी लांब धार ठीक. सगळं झाड तिनेच भिजवलं तर औषध बुंध्याशी साचतं.

तणनाशकाला चपट्या फवाऱ्याचं वेगळं नोझल लावावं. भुकटीच्या औषधाने पितळी छिद्र झिजतं, तुंबलं म्हणून तार किंवा बाभळीचा काटा घातला तर ते वेडंवाकडं होतं. तोंडाने फुंकणं म्हणजे विष ओठाला लावणं. जुना दातांचा ब्रश पुरे. हंगामापूर्वी साध्या पाण्यावर पंप चालवून एका मिनिटाचं पाणी मापात धरावं. त्याच दाबाला नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त आलं, तर नोझल बदलावं.